हा आकडा कशाचा?



गेल्या रविवारी मिस्सानंतर कॉलेजात शिकणाऱ्या एका तरुणाने आम्हांला विचारले, ‘‘फादर, गणनेच्या पुस्तकात लढण्याजोगे पुरुषच 6,03,550 सांगितलेत (1:46). बायकापोरे धरली तर वीसेक लाख होतील. एवढे लोक वाळवंटात जगले कसे? आणि हा आकडा खोटा, तर बाकीचे खरे कशावरून?’’ विचारताना त्याच्या स्वरात टवाळी नव्हती, काळजी होती. म्हणून येथे लिहीत आहोत.

शंका शास्त्रातूनच उठते. त्याच पुस्तकात प्रथम जन्मलेले मुलगे 22,273 आहेत (3:43). म्हणजे मोजलेल्या सत्तावीस पुरुषांमागे थोरला एकच! अनुवादात (7:7) तर इस्राएल सर्व राष्ट्रांत लहान होते असे म्हटले आहे.

आता आपल्याकडचे पाहा. दिवाळीनंतर नांदूरघाट परिसरातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादम म्हणतो, ‘‘वीस कोयते गेले.’’ परका माणूस वीस हत्यारे समजेल, फार तर वीस माणसे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे आपल्याला ठाऊक आहे. एकटा असेल तो अर्धा कोयता. सोबतची पोरे कुठल्याच हिशेबात नाहीत (गणनेतही बायकापोरे मोजलेली नाहीत, हे लक्षात घ्या). मुकादम खोटे बोलला नाही. त्याचा शब्द ऐकणाऱ्याला कळला नाही, इतकेच.

हिब्रूतला ‘एलेफ’ असाच आहे. त्याचा अर्थ हजार. पण गिदोन आपले घराणे मनश्शेत सर्वांत दुबळे म्हणतो (शास्ते 6:15), तेथे घराण्यालाही हाच शब्द. 1906 साली फ्लिंडर्स पेट्री या इंग्रज संशोधकाने सुचवले की गणनेत एलेफ म्हणजे एका तंबूतले कुटुंब धरावे. मग रऊबेन वंशाचे 46,500 म्हणजे 46 तंबू, 500 पुरुष. बारा वंशांची बेरीज 598 तंबू आणि 5,550 पुरुष.

तर्क आम्हांला पटण्याजोगा वाटतो, पण त्याने सगळे सुटत नाही. निर्गमात (38:26) माणशी अर्धा शेकेल धरून चांदीचा हिशेब पूर्ण 6,03,550 जणांचाच जुळवला आहे. तो लिहिणाऱ्याने एलेफ हजारच वाचला. जुन्या यादीतला शब्दाचा अर्थ तोवर विसरला गेला असावा, असे काही अभ्यासक मानतात.

लेखकाला काय सांगायचे होते ते त्याच्या काळच्या लेखनपद्धतीवरून शोधावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली शिकवले. त्या तरुणाला आम्ही एवढेच म्हटले, ‘‘खरा की खोटा हे नंतर. आधी विचार, आकडा कशाचा?’’

घरी गणनेचा 26वा अध्याय वाचा. शिमोन वंश 59,300 वरून 22,200 वर आला आहे. का, ते पुढच्या रविवारी बोलू. 25वा अध्यायही वाचून या.