राखणदाराची राखण

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यात दिवेआगर नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. नारळीपोफळींच्या दाट वाड्या, त्यांतून गेलेल्या अरुंद पाखाड्या आणि वाड्यांपलीकडे पसरलेली लांबच लांब पुळण, असे या गावाचे रूप आहे. कोकणातील इतर गावांप्रमाणे येथेही कोणाच्या ओटीवर कुत्रे, तर कोणाच्या स्वयंपाकघरात मांजर आढळते. रात्री वाडीत खसपस झाली की कुत्रे भुंकून घर जागे करते. धान्याजवळ उंदरांना फिरकू न देण्याचे काम मांजर करते. मासळी उतरते तेथे आणि पर्यटकांनी टाकलेल्या खरकट्याभोवती मोकाट कुत्रीही जमतात. त्यांना मालक नसतो. तथापि तीही गावाच्या सोबतीनेच जगतात.

जे आपली राखण करतात, त्यांची राखण कोणी करावयाची? हा प्रश्न केवळ भूतदयेचा नाही. कुत्र्यामांजरांना अनेक रोग होतात; त्यांपैकी एक माणसाचाही जीव घेतो. त्या रोगास रेबीज म्हणतात. कुत्रे ‘पिसाळते’ ते याच रोगाने. रोगी जनावराच्या लाळेत त्याचा विषाणू असतो. चाव्यातून किंवा ओरखड्यातून तो शरीरात शिरतो आणि मज्जातंतूंच्या वाटेने सावकाश मेंदूकडे जातो. या प्रवासास बहुधा काही आठवडे किंवा महिने लागतात. एकदा तो मेंदूत पोहोचून लक्षणे दिसू लागली, म्हणजे रोग्याला पाण्याचा घोटही घेववत नाही. म्हणून या रोगाला जलसंत्रास असेही नाव आहे. त्यानंतर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. म्हणजे जे करावयाचे, ते विषाणू वाटेत असतानाच केले पाहिजे.

पूर्वी या रोगाच्या भीतीने माणसाला एकच उपाय सुचत असे, तो म्हणजे कुत्री मारणे. 1832 साली मुंबईत मोकाट कुत्री मारण्याबद्दल शिपायांना प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळे. बक्षिसाच्या लोभाने लोकांची पाळीव कुत्रीही ओढून नेली जाऊ लागली. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक महत्त्व आहे. त्यामुळे त्या वर्षीच्या जून महिन्यात दुकाने बंद झाली आणि शहरात मोठी दंगल उसळली. एवढे होऊनही रोग होता तेथेच राहिला.

खरा उपाय प्रयोगशाळेत सापडला. लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने रोगी सशांचा मज्जारज्जू वाळवून त्यातील विषाणू दुर्बळ केला आणि त्यापासून लस तयार केली. 6 जुलै 1885 रोजी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन त्याची आई पॅरिसला त्याच्याकडे आली. पिसाळलेल्या कुत्र्याने मुलाचे अनेक ठिकाणी लचके तोडले होते. सुमारे दहा दिवसांत त्याला तेरा वेळा लस टोचण्यात आली, आणि मुलगा वाचला. मोठेपणी हाच जोसेफ पॅरिसच्या पाश्चर संस्थेचा राखणदार झाला. भारतात 1900 साली कसौली येथे पाश्चर संस्था सुरू झाली. वडीलधारी मंडळी पोटात घ्यावयाच्या ज्या चौदा इंजेक्शनांची आठवण भीतीने काढतात, ती पद्धत आता राहिलेली नाही. आता लस दंडात देतात.

परंतु चावा बसल्यावर माणसाला लस टोचणे म्हणजे घराला आग लागल्यावर पाणी ओतणे होय. आग लागूच नये, असे वाटत असेल तर लस कुत्र्यालाच टोचली पाहिजे. गावातील दहांपैकी सात कुत्र्यांना लस मिळाली, तर रोगी कुत्र्याला रोग पुढे देण्यास पुरेशी कुत्री सापडत नाहीत आणि रोगाची साखळी तुटते. याउलट, कुत्री मारली तर खरकटे तसेच राहते आणि त्या रिकाम्या जागी बाहेरची, लस न टोचलेली कुत्री येतात.

याचे उदाहरण आपल्या शेजारच्या गोव्याने घालून दिले आहे. तेथे सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी मिळून गावोगावच्या पाळीव व मोकाट कुत्र्यांना लस टोचली. शाळाशाळांतून मुलांना या रोगाची माहिती दिली. 2018 पासून पुढील तीन वर्षांत तेथे या रोगाने एकाही माणसाचा मृत्यू झाल्याची नोंद नव्हती. 2021 साली गोवा हे रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले.

गोव्यात जे घडले, ते दिवेआगरसारख्या गावातही घडू शकेल. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन लस टोचून घ्यावी. पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे, सामान्यतः दरवर्षी, ती पुन्हा द्यावी आणि तारीख कार्डावर लिहून ठेवावी. घराबाहेर हिंडणाऱ्या मांजरालाही ती तितकीच आवश्यक आहे. ज्या मोकाट कुत्र्याला आपण भाकरी घालतो, त्याच्या लसीची आठवण ग्रामपंचायतीला करून देणे हेही आपलेच काम होय.

आणि कधी चावा बसलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिच्यावर तिखट किंवा चुना लावू नये. कुत्रे घरचे असो, लस टोचलेले असो, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि ते सांगतील त्या सर्व तारखांना लस घ्यावी. कित्येक मुले रागावून घेण्याच्या भीतीने लहानसा ओरखडा घरी सांगत नाहीत. वडिलांचा राग घटकाभराचा असतो. लपवलेला ओरखडा मात्र जिवावर बेतू शकतो.

ओटीवरचे कुत्रे रात्रभर जागून आपले घर सांभाळते. त्याच्यासाठी वर्षातून एक सकाळ काढणे कोणत्याही घराला जड नाही. त्या एका सकाळीत त्याचीही राखण होते आणि आपलीही.

स्वाध्याय

1. कुत्री मारल्याने रोग का हटत नाही, ते पाठाच्या आधारे सांगा.
2. ‘आग लागल्यावर पाणी ओतणे’ हे शब्द लेखकाने कशाला उद्देशून वापरले आहेत?
3. आपल्या गल्लीतील किती कुत्र्यामांजरांना लस टोचली आहे, याची चौकशी करून दहा ओळी लिहा.