‘हुशार आहे हो, पण...’

ठाण्यात रेमेडियल टीचर म्हणून काम करते. खुर्चीत बसता बसता पालक जे पहिलं वाक्य बोलतात, तेच वर शीर्षकाला घेतलंय. त्या ‘पण’पुढचंही ठरलेलं असतं: तोंडी सगळं येतं, लिहायला बसला की बोंब. अध्ययन अक्षमता म्हणजे काय हे मी कोर्समध्ये शिकले. तिच्यापायी घरात काय काय होतं, ते टेबलापलीकडच्या माणसांकडून.

१. मार्क नंतर, आधी वही बघावी. ‘किती’ म्हणताना ‘क’ आधी येतो, पण वेलांटी उभी त्याच्या अलीकडे. ‘सूर्य’मधला ‘र’ ऐकू येतो ‘य’च्या आधी आणि बसतो ‘य’च्या डोक्यावर. घ-ध, भ-म तर जुळी भावंडंच. बाकीच्या मुलांच्या हाताला हे वळण कधी लागलं ते कळतही नाही. या मुलाला दर शब्दाला नव्यानं विचार करावा लागतो. तिसरीतल्या एकाच्या शुद्धलेखनाच्या वहीत खोडरबरानं घासून घासून पानाला भोक पडलं होतं. खाली लाल शेरा: ‘कष्ट घेत नाही.’

२. मठ्ठ ठरण्यापेक्षा वांड ठरलेलं परवडतं, हे मुलांना फार लवकर कळतं. प्रकटवाचनात आपली पाळी दोन बाकांवर आली की कंपासपेटी पडते, शेजाऱ्याला ढोसलं जातं, बाई वर्गाबाहेर काढतात. सुटलो! सहावीतल्या एका पोरानं मला हे सगळं हिशेब मांडावा तसं सांगितलं होतं: कोणत्या बाई नुसत्या ओरडतात, कोणत्या लगेच बाहेर काढतात, कुणाच्या तासाला काय करायचं. अशा मुलाला शिस्तीचं व्याख्यान देऊन काही होत नाही. कोणत्या चार ओळी वाचायच्या ते आदल्या दिवशी सांगा, घरी तयारी करू द्या, पेट्या पडायच्या थांबतात. काही मुलं याच्या अगदी उलट, गरीब. त्यांचं रविवारी संध्याकाळी पोट दुखतं. नाटक नव्हे, खरंच दुखतं; जंताचं औषध देऊन झालेलं असतं. शाळेत त्रास देत नाहीत म्हणून ती कुणाच्या नजरेतच येत नाहीत. माझ्याकडे तरी यात मुली जास्त.

३. गृहपाठ आईकडून काढून घ्यावा. संध्याकाळी सातला सुरू झालेला अभ्यास दहाला रडारडीत संपतो, आणि रोज तेच. सासूबाईंचं ‘आमच्यात असं कुणी नव्हतं’ आणि नवऱ्याचं ‘तू लक्ष देत नाहीस’ यांच्या कात्रीत ती. शेजारची कॉलेजातली ताई, मावशी, कुणीही चालेल. आईनं इतिहासाचा धडा मोठ्यानं वाचून दाखवावा, बस्स.

४. ‘आमच्यात असं कुणी नव्हतं’ हे बऱ्याचदा खोटं निघतं. ही अडचण घराण्यात चालत येते. एका वडिलांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. माझा फॉर्म त्यांनी न बघताच बायकोकडे सरकवला. मुलाच्या चुका मी दाखवू लागले, तसे उठून गॅलरीत गेले. परत आल्यावर म्हणाले, ‘मॅडम, यासाठी मी पट्ट्याचा मार खाल्लाय. बिलं अजून भाचाच लिहितो.’ बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. लग्नाला बारा वर्षं झाली होती. मुलावर हात टाकणं त्यांनी त्यानंतर बंद केलं. मी समजावून ते झालं नसतं.

५. दाखल्याला घाबरू नये. महाराष्ट्रात बोर्डाच्या परीक्षेतल्या सवलती १९९६पासून आहेत, आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमताही आली. तिथंच घोडं पेंड खातं. ‘दिव्यांग’ हा शब्द कागदावर बघून आजी विचारते, ‘पुढं लग्नात आडवं येईल का हो?’ मी म्हणते, त्याच रिपोर्टमध्ये बुद्ध्यांक किती लिहिलाय तो वाचा. डोळे ठीक, कान ठीक, बुद्धी वयाच्या मानानं व्यवस्थित, हे एका कागदावर छापून आलेलं या मुलानं पहिल्यांदाच पाहिलेलं असतं. नववीतला एकजण ते पान मोबाइलमध्ये फोटो काढून घेऊन फिरत होता. मराठी माध्यमातल्या मुलांच्या वाट्याला हा कागद उशिरा येतो. चाचण्या बहुतेक इंग्रजीतल्या. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं मराठीतही तपासता येईल असा ‘डाली’ हा संच काढला, तो २०१५मध्ये. तोवर इंग्रजीचा पेपर घेऊन मराठी पोराची परीक्षा!

६. ‘तारे जमीं पर’चे उपकार आहेत, पण एक तक्रारही आहे. २००७मध्ये तो आला आणि निदान हा विषय घरात बोलता येऊ लागला. मात्र तेव्हापासून प्रत्येक पालक मुलात दडलेला चित्रकार शोधतात. चित्रकलेचा क्लास, मग तबला, मग बुद्धिबळ. पोर बिचारं तिथंही साधारणच. पाचवीतली एक मुलगी हळूच म्हणाली, ‘टीचर, माझ्यात काहीच स्पेशल नाहीये, आईला सांगाल?’ सांगितलं. वाचता न येण्याची भरपाई म्हणून मुलानं काहीतरी अचाट करून दाखवलंच पाहिजे, हा कुठला न्याय?

७. धाकट्या भावंडाकडे लक्ष असू द्या. दादाला बोलणी बसू नयेत म्हणून मुद्दाम शब्द चुकवणारी पहिलीतली बहीण मी पाहिली आहे.

८. सवलत घ्यायची की नाही, यात मुलाचंही मत विचारावं. जादा वेळ सहसा सगळ्यांना हवा असतो. घोडं अडतं लेखनिकापाशी. खालच्या इयत्तेतला कुणीतरी शेजारी बसणार, आपण सांगायचं, त्यानं लिहायचं. सांगून लिहवून घेण्याचाही सराव लागतो, नाहीतर ऐन पेपरात दोघंही गोंधळतात. दहावीतल्या एकीनं सराव केला, जमतही होतं, आणि फॉर्म भरायच्या वेळी ठाम नाही म्हणाली. फक्त जादा वेळ घेतला. 58 टक्के पडले. लेखनिक घेतला असता तर 70 कुठं गेले नव्हते, असं आई अजून म्हणते. मुलगी म्हणते, हे सगळे माझ्या हातचे आहेत. दोघी दिवाळीला फराळ घेऊन आल्या की माझ्यासमोर हाच वाद घालतात, आणि मला दोघींचंही पटतं.