पाच वर्षांच्या चार मुली

प्रश्न : माझी मुलगी पाच वर्षांची आहे. "तुझी आजीपण तुझ्याएवढी होती" असं सांगितलं की ती हसते, तिला ते खोटंच वाटतं. तिची पणजी, म्हणजे माझ्या आजेसासूबाई, आमच्या घरीच आहेत. त्यांचं माहेर पैनगंगेच्या पलीकडे, पुसदकडे. रझाकारांच्या वेळी नदीच्या अलीकडची माणसं रात्रीची त्यांच्या घरी येऊन राहायची, असं त्या सांगतात. सासूबाई बहात्तरच्या दुष्काळातलं सांगतात. मला ऐकायला आवडतं, पण मुलगी उठून खेळायला जाते. लहान मुलांना इतिहास आणि मोठं होणं दोन्ही कळेल अशी चित्रांची पुस्तकं मराठीत आहेत का? आणि इतक्या लहानपणी इतिहास सांगावा तरी का?
— एक आई, कळमनुरी (जि. हिंगोली)

उत्तर : तुमच्या मुलीचं हसणं अगदी रास्त आहे. तिनं आजीला पाहिलं ते आजी म्हणूनच. माणूस लहानाचा मोठा होतो हे तिला स्वतःच्या आखूड झालेल्या फ्रॉकवरून थोडंफार कळतं, पण पिकलेल्या केसांच्या बाईच्या आत एक लहान मुलगी होऊन गेली, हे मानायला तिच्याकडे काही पुरावा नाही. शिवाय या वयात सगळा भूतकाळ सारखाच लांब असतो. मागचा पोळा, आईबाबांचं लग्न आणि शिवाजी महाराज यांच्यातलं अंतर पाच वर्षांच्या मुलाला मोजता येत नाही. म्हणून सन सांगून उपयोग नाही. आधी काय, नंतर काय, हे मात्र तिला कळतं. दोन चित्रांतला फरक तर ती तुमच्याआधी ओळखेल. आणि तिला सगळ्यात चटकन कळतं ते तिच्याच उंचीचं दुसरं मूल.

तेव्हा इतिहास जरूर सांगा, पण सुरुवात राजापासून नको, मुलापासून करा.

आता पुस्तकांचं. मोठं होण्याबद्दलची चित्रपुस्तकं मराठीत आहेत आणि उत्तम आहेत. माधुरी पुरंदरे यांचं नाव पहिलं घेतो, कारण त्या स्वतः लिहितात आणि चित्रंही स्वतः काढतात, त्यामुळे मजकूर आणि चित्र एकमेकांना सोडून जात नाहीत. 'राधाचं घर' या त्यांच्या संचात एक लहान मुलगी आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते. तुमच्या मुलीसाठी तिथूनच सुरुवात करा. घरातलं माणूस हा पुस्तकाचा विषय होऊ शकतो, हे तिला आधी कळू द्या. 'यश'च्या गोष्टी आणि 'बाबांच्या मिश्या' हीसुद्धा तिच्या वयाची. त्यांचंच 'चित्रवाचन' नुसतं पाहत बसायचं आणि बोलत राहायचं पुस्तक आहे. पुरंदरे यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्यांची बहुतेक बालपुस्तकं पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची आहेत. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातली मराठी पुस्तकं स्वस्त असतात, आणि प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी चित्रपुस्तकं मोबाइलवर फुकट वाचता येतात, छापूनही घेता येतात.

इतिहासाचं मात्र तसं नाही. अमर चित्र कथा १९६७ पासून आहे आणि मराठीतही आली, पण तिच्यातला मजकूर आणि लढाया आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या बेताच्या. आपल्याकडे मुलांसाठीचा इतिहास म्हणजे थोरांची चरित्रं, असंच बराच काळ चालत आलं. ती हवीतच. पण आडावर पाणी भरणाऱ्या, पाटीवर गिरवणाऱ्या, दुष्काळात खडी फोडणाऱ्या घरांचा इतिहास पाच वर्षांच्या मुलासाठी चित्रांत फारसा आलेला नाही. ही उणीव मला फार जाणवते, मराठवाड्याच्या बाबतीत तर जास्तच.

ऑस्ट्रेलियातली दोन पुस्तकं सांगतो, कारण त्यांच्या रचनेतून तुम्हाला वाट सापडेल. नाडिया व्हीटली यांनी लिहिलेल्या आणि डोना रॉलिन्स यांनी चित्रं काढलेल्या 'माय प्लेस' या पुस्तकात एकच जागा आहे. दर पानाला काळ दहा वर्षं मागे जातो, १९८८ पासून थेट १७८८ पर्यंत. प्रत्येक वेळी त्या जागी राहणारं एक मूल आपलं घर, आपली माणसं दाखवतं आणि परिसराचा नकाशा काढतं. माणसं बदलतात, एक मोठं झाड आणि पाण्याचा एक प्रवाह मात्र शेवटपर्यंत भेटत राहतात. जीनी बेकर यांच्या १९९१ च्या 'विंडो'मध्ये तर शब्दच नाहीत. आई तान्ह्या बाळाला घेऊन खिडकीशी उभी आहे, तिथून सुरुवात. पुढच्या पानांवर खिडकी तीच, बाहेर मोकळं रान जाऊन शहर वाढत जातं, बाळही वाढतं, आणि शेवटी तोच मुलगा स्वतःचं बाळ घेऊन खिडकीशी उभा असतो. इतिहास आणि मोठं होणं एकाच चौकटीत, एकही तारीख न सांगता.

असं पुस्तक तुम्ही घरी करू शकता, आणि तुमच्या घरात त्याला लागणारं सगळं आहे.

पण एक अडचण आधीच सांगतो. 'माय प्लेस'सारखं एकाच घराचं पुस्तक करायला गेलात, तर कळमनुरीच्या तुमच्या वाड्यात किंवा घरात लहानपण गेलं ते पुरुषांचं. पणजी, सासूबाई, तुम्ही, तिघीही बाहेरून आलेल्या. तिघींचं लहानपण तीन वेगळ्या गावांत राहिलं. घर धरून बसलात तर नेमक्या त्याच पुस्तकाबाहेर राहतील. म्हणून घर न धरता वय धरा. प्रत्येक पानावर पाच वर्षांची एक मुलगी. चार पानं, चार मुली. पहिल्या पानावर तुमची लेक, मग तुम्ही, मग आजी, मग पणजी. चौघी सारख्याच उंचीच्या काढा, म्हणजे तुमच्या मुलीचा प्रश्न पहिल्या फटक्यात सुटेल. आणि पानाच्या कोपऱ्यात माहेरापासून कळमनुरीपर्यंतची वाट.

पणजींचं पान सगळ्यात श्रीमंत होईल. त्या आज ऐंशीच्या पुढे असतील, तर १९४८ साली पाच-सहा वर्षांच्या. तेव्हा पैनगंगा म्हणजे सरहद्द होती. अलीकडे निजामाचं हैदराबाद संस्थान, पलीकडे मध्य प्रांत-वऱ्हाड. अलीकडे निजामाचा स्वतःचा रुपया, त्याला लोक हाली म्हणत, पलीकडे भारताचा रुपया, म्हणजे कलदार. अलीकडे सरकारी कारभार उर्दूतून. सप्टेंबर १९४८ मध्ये भारताचं सैन्य आलं आणि १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा आणि विदर्भ दोन्ही मुंबई राज्यात आले. पणजींचं लग्न त्यानंतरचं असेल, तर त्या सासरी आल्या तेव्हा नदी तीच होती, पण सरहद्द उरली नव्हती. मुलीला हे सगळं सांगायचं नाही. तिला दोन नाणी काढून दाखवा, एक नदीच्या या काठाला, एक त्या काठाला. तेवढं पुरे.

रझाकारांचं काय करायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असणार. पणजींच्या आठवणीतच त्याचं उत्तर आहे. रात्र, नदी ओलांडून आलेली माणसं, दार उघडणारं घर, चुलीवर चढलेली भाकरी, शेजारी झोपायला आलेलं अनोळखी मूल. हे चित्र काढा. मारझोड, जाळपोळ काढू नका. पाच वर्षांच्या मुलाला भीती कुठे ठेवायची ते कळत नाही. मुलगी विचारेल, "ते का आले?" तर "त्यांच्या गावात काही माणसं त्रास देत होती, म्हणून" इतकं खरं आहे आणि पुरेसं आहे. आणखी एक गोष्ट कळकळीनं सांगतो. त्या त्रास देणाऱ्यांना शेजारच्या कुणाचा पोशाख, कुणाचा चेहरा देऊ नका. रझाकार ही निजामाच्या बाजूनं लढणारी कासीम रझवीची सशस्त्र संघटना होती. तिच्याविरुद्ध आणि भारतात सामील होण्याच्या बाजूनं लिहिणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत खून झाला. सैन्य आल्यानंतर अनेक ठिकाणी निरपराध मुसलमान कुटुंबांनाही भोगावं लागलं, भारत सरकारनं पाहणीला पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं ते नोंदवून ठेवलं आहे. हे तुमच्या लेकीसाठी नाही, तुमच्यासाठी आहे. तुम्हाला ठाऊक असलं की तिच्यासाठीचं चित्र आपोआप नीट निघेल.

सासूबाईंचं पान बहात्तरचं. कोरडी विहीर, दुष्काळी कामावर खडी फोडणारी आई, कडेला धाकट्या भावाला सांभाळणारी मुलगी, हातात सुकडी, घरात लाल मिलो ज्वारीची भाकरी. त्यांना चव विचारा, वास विचारा. "तेव्हा कसं होतं?" असं विचारलं तर माणसं "फार हाल होते" एवढंच म्हणतात. "पायात काय होतं? उजेड कशाचा होता, चिमणीचा की कंदिलाचा? खेळायला काय होतं?" असं विचारलं की चित्रं मिळतात.

तुमचं पान तुम्हीच जाणता. तुम्ही तिशीच्या आसपास असाल आणि माहेर याच भागातलं असेल, तर १ मे १९९९ ला परभणी जिल्ह्यातून हिंगोली वेगळा झाला तेव्हा तुम्ही पाच-सहा वर्षांच्या होता. घर जागेवरच राहिलं आणि जिल्हा बदलला. हापसा, टीव्ही, जिल्हा परिषदेची शाळा, जे असेल ते काढा. लेकीच्या पानाचं तिचं तिला ठरवू द्या.

चित्रकला येत नाही, असं म्हणू नका. जुन्या फोटोंच्या झेरॉक्स कापून चिकटवा, साडीच्या किनारीचा तुकडा लावा, माणसं काडीची चालतील. शब्दही फार लिहू नका. चित्र पुढे धरायचं आणि गोष्ट तोंडानं सांगायची, ही आपलीच जुनी रीत आहे. चित्रकथी हेच करत. पैठणच्या नावानं ओळखली जाणारी त्यांची चित्रं पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. पणजींना त्यांचं पान स्वतः सांगू द्या, मुलगी उठून जाणार नाही.

चार पानं जमली की मागे जायची हौस येईल, तेव्हा नरसी जवळच आहे. संत नामदेवांचा जन्म १२७० चा, आणि जन्मगाव म्हणून आपण नरसीला मानतो. कयाधूकाठचा, शिंप्याच्या घरातला हा मुलगा. देवाला नैवेद्य खाऊ घालायचा त्याचा हट्ट पाच वर्षांच्या मुलाला फोड करून सांगावा लागत नाही. पण चित्र काढताना एक जपा : नामदेवांच्या स्वयंपाकघरात लाल मिरच्यांची माळ टांगू नका, ताटात बटाटा-टोमॅटो नको, अंगणात मका नको, शेंगदाण्याचा कूटही नको. हे सगळं अमेरिका खंडातून आपल्याकडे आलं ते पुढे निदान दोनशे वर्षांनंतर. हळद चालेल, ज्वारी चालेल, तीळ चालतील. विकतचं पुस्तक घेतानाही हीच पारख लावा. स्वयंपाकघर खरं असेल, तर चित्रकारानं बाकीच्याही गोष्टी तपासल्या असण्याची शक्यता जास्त.

प्रश्न : नातू चार वर्षांचा आहे. त्याला अफजलखानाची गोष्ट सांगावी का? पुस्तकातलं चित्र पाहून तो रात्री दचकला.
— एक आजोबा, आखाडा बाळापूर (ता. कळमनुरी)

उत्तर : आजोबा, गोष्ट सांगा, ते पान मात्र सध्या मिटून ठेवा. गोष्ट ऐकताना मूल आपल्याला झेपेल तेवढंच डोळ्यांपुढे आणतं. रक्त किती दिसावं, हे चित्रात मात्र चित्रकार ठरवून टाकतो. प्रतापगड दाखवा, शामियाना दाखवा, महाराजांनी अंगरख्याआत घातलेलं चिलखत दाखवा. बाकीचं तुमच्या आवाजात राहू द्या.

महाराजांची दुसरी चित्रंही त्याला हवीत. जिजाऊंनी उजाड पुण्यात सोन्याचा नांगर फिरवला असं सांगतात. नांगर तुमच्या नातवाला ओळखीचा असेल. आणि चिपळूणच्या छावणीला गेलेलं महाराजांचं पत्र आहे. रयतेच्या गवताकाडीला, भाजीपाल्याला हात लावू नका, असं त्यात बजावलं आहे. शिवाय रात्री दिवे जळत ठेवू नका, नाहीतर उंदीर पेटती वात पळवून नेईल, गवताच्या गंजी जळतील आणि घोडे उपाशी मरतील, अशी ताकीदही आहे. वात तोंडात धरून पळणारा उंदीर, मागे धावणारा शिपाई, कोपऱ्यात काळजीत पडलेला घोडा, एवढं कागदावर काढा आणि रंग त्याला भरायला द्या. अफजलखान चौथीत 'शिवछत्रपती'च्या पुस्तकात भेटेलच, तेव्हा तो नऊ वर्षांचा असेल.