सिव्हिल की कॉम्प्युटर? पुलाला दोन्ही लागतात

बारावीचा निकाल लागला की वाशिम, रिसोड, कारंज्यातल्या कितीतरी घरांत एकच वाद रंगतो. मुलीला सिव्हिल घ्यायचं असतं आणि घरचे म्हणतात, ‘सिव्हिलला स्कोप नाही, कॉम्प्युटरच घे.’ पालकांची काळजी खरी आहे, पण ही निवड इतकी सरळ राहिलेली नाही. का, ते पुलांकडे पाहिलं की कळतं.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. दोन एसटी बस प्रवाशांसह पुरात गेल्या. अमेरिकेत मिनिआपोलिसचा पूल १ ऑगस्ट २००७ रोजी कोसळून १३ जण दगावले. तिथे वर्षाहून थोड्या अधिक काळात नवा पूल झाला आणि तो बांधतानाच त्यात तीनशेवर सेन्सर बसवले गेले. आज आपल्याच वाशिम जिल्ह्यात मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा तालुक्यांतून समृद्धी महामार्ग जातो. त्यावरचे पूल पुढची अनेक दशकं कोणाला तरी सांभाळायचे आहेत.

उदाहरणार्थ, कंपोझिट पूल घ्या: खाली पोलादी गर्डर आणि वर काँक्रीटची स्लॅब. रेल्वेवरच्या उड्डाणपुलांत हा प्रकार नेहमी दिसतो. गर्डरवर वेल्ड केलेले स्टड स्लॅबमध्ये रुतलेले असतात, म्हणून दोन्ही मिळून भार पेलतात. स्टड तुटू लागले की स्लॅब गर्डरवर किंचित सरकते आणि पुलाची ताकद घटते, तरी वरचं डांबर मात्र छान दिसतं. ही गोष्ट डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी आत लांबीतला सूक्ष्म बदल मोजणारे स्ट्रेन गेज किंवा ऑप्टिकल फायबरचे सेन्सर बसवतात, कंपनं मोजायला अ‍ॅक्सेलरोमीटर लावतात.

खरं कसब मात्र आकडे वाचण्यात आहे. पोलाद दर अंश सेल्सिअसला मीटरमागे ०.०१२ मिलिमीटर वाढतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ३० मीटरचा गर्डर सकाळपासून दुपारपर्यंत २० अंशांनी तापला, तर तो ७ मिलिमीटरच्या आसपास लांबतो. भरलेला ट्रक गेल्यावर सेन्सरवर उमटणारा फरक बहुधा याहून लहान असतो. मग आकडा वाढला तो उन्हामुळे, ट्रकमुळे की स्टड तुटल्यामुळे? नुसतं कोडिंग येणाऱ्याला हे सांगता येणार नाही आणि नुसतं सिमेंट-सळई जाणणाऱ्यालाही नाही. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: आवड असेल तर सिव्हिलच घ्या, सोबत पायथॉन आणि संख्याशास्त्र मन लावून शिका. इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशनकडूनही या कामात येता येतं.

दहावीनंतर वाशिमच्या शासकीय तंत्रनिकेतनसारख्या ठिकाणी डिप्लोमा करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. बारावीनंतर सीईटी देऊन अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा जेईई देऊन नागपूरचं व्हीएनआयटी. पुढे गेटमधून स्ट्रक्चरलचं एम.टेक. करणं या क्षेत्रात फार उपयोगी पडतं. संशोधनाची ओढ असेल तर चेन्नईची सीएसआयआर-एसईआरसी ही संस्था याच विषयात काम करते.

पालकांना एक गोष्ट आधीच सांगायला हवी. फक्त सेन्सरच्या नोकऱ्या आज थोड्या आहेत. पहिली दोन-तीन वर्षं साइटवर उन्हात जातील आणि पगार बेताचाच असेल. ती वर्षं वाया गेली असं समजू नका, कारण पूल प्रत्यक्ष बांधताना पाहिलेल्यालाच त्याचे आकडे नीट वाचता येतात.

प्रवेशाआधी कॉलेज पाहायला गेलात तर प्लेसमेंटच्या फलकापाशी थांबू नका. लॅबमध्ये जा, स्ट्रेन गेज दाखवायला सांगा आणि विद्यार्थ्यांनी तो शेवटचा कधी वापरला, तेही विचारा.