शाळेतील आरोग्य-तपासणी व शिक्षकाची नजर

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. फिरत्या पथकात दोन आयुष वैद्यकीय अधिकारी, एक परिचारिका व एक औषधनिर्माता असे चौघे असावेत, अशी योजना आहे. हे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदाच येते.

अडचण आहे ती या ‘एकदाच’मध्ये. तालुक्यात शाळा पुष्कळ, पथके मोजकी. एका बालकाच्या वाट्यास काही मिनिटेच येतात. शिक्षकासमोर मात्र ते वर्षभर असते. वही नाकाशी धरणारा, हाक मारूनही न वळणारा विद्यार्थी सहज ‘ढ’ ठरविला जातो. वास्तविक दोष बुद्धीचा नसून डोळ्याचा वा कानाचा असू शकतो. अशा मुलास मागे बसविणे ही दुहेरी शिक्षा होय.

तेव्हा पथक येण्यापूर्वीच लक्षणे नावांसह टिपून ठेवावीत. दृष्टितक्ता सहा मीटरांवरून, एकेक डोळा झाकून वाचवून घ्यावा. एरवी चांगला डोळा अधू डोळ्याचे उणे लपवितो. त्वचेवर फिकट, बधिर चट्टा दिसल्यास वर्गात वाच्यता न करता पालकांस एकान्तात सांगावे. निदान हे वैद्यांचे काम. शिक्षकाने त्यात पडू नये.

गैरहजर मुलांची यादी पथकास अवश्य द्यावी. ऊसतोडीस आईबापांबरोबर गेलेली मुले हमखास सुटतात. रुग्णालयाची चिठ्ठी मिळालेले मूल तेथे गेले का, हे पंधरवड्याने विचारावे. चिठ्ठी दप्तरातच राहिली असल्यास, या कार्यक्रमातील उपचार विनामूल्य आहेत, हे पालकांस घरी जाऊन सांगावे.