जुन्या अवजारांची किंमत ठरविताना

गोठ्याची साफसफाई निघाली की माळ्यावरची जुनी पहार, कुऱ्हाड, नांगराचे सुटे भाग भंगारवाल्याच्या काट्यावर जातात. तो वजनाने पैसे देतो. ही झाली मोडीची किंमत. कोणत्याही अवजाराची ती सर्वांत कमी किंमत असते.

प्रथम कामाची किंमत काढावी. समजा, नवी कुऱ्हाड ५०० रुपयांना मिळते. जुनीचे पाते चौथा हिस्सा झिजले असेल तर ३७५ रुपये राहिले. त्यातून नव्या दांड्याचे १०० व धार काढण्याचे ५० वजा केल्यास २२५ रुपये उरतात. तीच दीड किलोची कुऱ्हाड ३० रुपये भावाने मोडीत ४५ रुपयांची होते.

परंतु झीज नुसती डोळ्यांनी ठरवू नये. जुने लोहार बहुधा लोखंडी अंगाला धारेपुरतेच पोलाद जडवीत. धारेवर कानस घसरली आणि अंगावर ती लागली, तर पोलाद शिल्लक आहे व त्याचे पाणी शाबूत आहे असे समजावे. पोलाद झिजून गेलेली कुऱ्हाड दिसायला धडधाकट असली तरी मोडीचीच! पहार दोरीला टांगून ठोकावी. खणखणीत नाद आला तर ठीक, बद्द आवाज आल्यास चीर शोधावी. वरवरचा तांबूस गंज रॉकेल व काथ्याने निघतो. धारेजवळ गंजाचे खोल खड्डे असल्यास मात्र किंमत निम्म्याहून कमी धरावी, असे आमचे मत आहे.

बिडाचे भाग वेगळे तपासावेत. तडकलेले बीड गावच्या लोहाराला भट्टीत जोडता येत नाही.

तिसरी किंमत संग्रहाची. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. त्या काळातील नांगर, किंवा नक्षीचे लाकडी चाडे घरात असल्यास काट्यावर चढवू नये. त्यावरील शिक्का, ओतीव अक्षरे व मूळ सुटे भाग जितके पूर्ण, तितकी मागणी अधिक. अशा वस्तूला ग्राइंडर किंवा रंग लावू नये. हौसेने चकचकीत केलेल्या वस्तूकडे जाणकार संशयाने पाहतो, आणि ग्राइंडरने धार निळी पडली तर पाणीही उतरते.

विकण्यापूर्वी दोन-तीन ठिकाणी भाव विचारावा. वस्तू कोणी वापरली, कोठून आणली, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर लिहून वस्तूसोबत ठेवावे.