कळ खालून वर यायला हवी

बाळा,

परवा फोनवर तुझा आवाज ऐकला आणि लगेच ओळखलं, पोरगा आडवा पडून बोलतोय. "आत्या, गादी सरकलीय म्हणतात," असं तू म्हणालास आणि मला माझा २००४चा जानेवारी आठवला. तेव्हाच ठरवलं, फोनवर तुटक तुटक सांगण्यापेक्षा सगळं नीट लिहून धाडावं.

आधी एवढं बघ. लघवी अडकली किंवा झालेली कळेनाशी झाली, शौचाचा ताबा सुटला, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बैठकीच्या जागी बधिर वाटायला लागलं, दोन्ही पायांत एकदम कळा सुरू झाल्या किंवा पाऊल वर उचलेनासं झालं, तर हे पत्र बाजूला टाक आणि मोठ्या हॉस्पिटलात जा. रात्रीचे दोन वाजले असले तरी जा. कण्याच्या खालच्या टोकाला शिरांचा जुडगा असतो. तो दाबला गेला की तासांवर गोष्ट येते. तिथे मालीश, व्यायाम, कायरोप्रॅक्टर काही चालत नाही. पाठदुखीबरोबर ताप असेल किंवा वजन विनाकारण उतरत असेल, तरीही आधी डॉक्टरच.

यातलं काही नाही ना? मग आता निवांत वाच.

आम्ही तेव्हा अमेरिकेत मोलीनला राहायचो. रात्रभर बर्फ पडला होता. तुझे काका गावाला गेलेले. मी सकाळी सहाला उठले आणि चहासुद्धा न घेता फावडं घेऊन बाहेर पडले. ओला बर्फ फार जड असतो रे. वाकायचं, फावडं भरायचं, आणि कंबरेतून वळून बाजूला फेकायचं. अर्धा तास असं चाललं. तेव्हा पाठीत काहीच झालं नाही. संध्याकाळी भांडी पुसताना एक शिंक आली, आणि डाव्या कुल्ल्यातून निघालेली कळ मांडीच्या मागून, पोटरीच्या बाहेरून थेट अंगठ्यापर्यंत गेली. हातातली ताटली खाली पडली.

यातली खरी चूक मला फार उशिरा कळली. दोन मणक्यांमधली चकती, म्हणजे तू म्हणतोस ती गादी, दिवसभर आपल्या भाराने दबते आणि रात्री आडवं पडलं की पाणी शोषून फुगते. म्हणून सकाळी आपण सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो. फुगलेली चकती ताठ असते, आणि त्या वेळी वाकलं की तिच्यावर सगळ्यात जास्त ताण येतो. १९९८ साली अमेरिकेत जुनाट कंबरदुखीच्या लोकांना फक्त एवढंच शिकवून पाहिलं होतं की सकाळी उठल्यावर वाकू नका. तेवढ्यानेही त्यांचं दुखणं कमी झालं. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच: उठल्यापासून तास-दीड तास कंबरेतून वाकायचं नाही. बेसिनपाशी दात घासताना एक हात बेसिनच्या काठावर ठेव आणि गुडघे थोडे मोड. अंघोळीची बादली स्टुलावर ठेव, म्हणजे तांब्या भरायला वाकावं लागणार नाही. मोजे बायकोला घालू दे, लाजू नकोस. उठताना सरळ उठून बसू नकोस. आधी कुशीवर वळ, पाय पलंगाखाली सोड आणि हाताने रेटा देऊन ऊठ. भारतीय पद्धतीच्या संडासात काही दिवस बसू नकोस. आणि पोट साफ ठेव. कुंथलं की कळ उठते, हे तुला कळलं असेलच.

आता ते "गादी सरकली" प्रकरण. गादी सरकत नाही. ती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते. कांद्याला असतात तसे तिच्या भोवती धाग्यांचे पापुद्रे असतात आणि आत मऊ गर. पापुद्र्यांना चीर पडली की गर बाहेर येतो आणि शेजारच्या शिरेला लागतो. पायात उतरणाऱ्या या कळेच्या, म्हणजे सायटिकाच्या, मुळाशी बहुतेक वेळा हा गर असतो, हे बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी १९३४ साली दाखवून दिलं. कंबरेत फुटणाऱ्या चकत्यांपैकी बहुतेक सगळ्या शेवटच्या दोन जागांच्या असतात. तुझ्या रिपोर्टात एल-४-एल-५ किंवा एल-५-एस-१ असंच काहीतरी लिहिलेलं असणार.

आणि ऐक, बाहेर आलेला गर शरीर स्वतःच खाऊन टाकतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला परका समजतात आणि हळूहळू फस्त करतात. गंमत अशी की नुसत्या फुगलेल्या चकतीपेक्षा फुटून बाहेर आलेला मोठा तुकडाच जास्त वेळा विरघळतो. म्हणजे एमआरआयमध्ये जे भयंकर दिसतं, ते बरं व्हायची शक्यता उलट चांगली असते. तेव्हा ती फिल्म रोज रात्री उजेडात धरून बघत बसू नकोस. पाठीचं काहीही न दुखणाऱ्या लोकांचे फोटो २०१५ साली एकत्र तपासले, तेव्हा विशीतल्या शंभरातल्या ३० जणांच्या आणि पन्नाशीतल्या ६० जणांच्या चकत्या फुगलेल्या निघाल्या. ती माणसं आपापली कामं करत होती.

आता कायरोप्रॅक्टिककडे, म्हणजे हाताने कण्यावर करायच्या उपचाराकडे येते, कारण तू विचारलंस ते त्याबद्दल. मोलीनहून मिसिसिपी ओलांडली की जवळच आयोवातलं डेव्हनपोर्ट आहे. ही विद्या जन्मली तीच त्या गावात. १८९५ साली डी. डी. पामर यांनी हार्वी लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराच्या पाठीवर पहिला उपचार केला. त्याला कमी ऐकू यायचं, आणि या उपचाराने ते सुधारलं असं पामर यांचं म्हणणं होतं. पामर कॉलेज आजही तिथे आहे. मणका जागचा हलला की शिरा चेपतात आणि बहुतेक सगळे रोग त्यातून होतात, असं पामर मानायचे. तेवढा मोठा दावा आज टिकत नाही. म्हणून कोणी तुझी पाठ दाबत दाबत मधुमेह, दमा, मुलांचे कानही बरे करतो म्हणाला, तर उठून घरी ये.

मी आधी फसले होते, तेही सांगते. पहिल्या ठिकाणी मला कोणी काही विचारलं नाही. एक्स-रे काढला, कणा वाकडा असल्याचं दाखवलं आणि छत्तीस भेटींचे पैसे एकरकमी भरायला सांगितले. घाबरलेलं माणूस पैसे भरतं रे. चौथ्या भेटीला कंबरेला असा पीळ दिला की कळ पुन्हा अंगठ्यापर्यंत उतरली. मी तिथे परत गेले नाही. पैसेही परत मिळाले नाहीत.

मग शेजारणीने डेव्हनपोर्टच्या एका वयस्क कायरोप्रॅक्टरांचं नाव सांगितलं. त्यांनी पहिल्या दिवशी पाठीला हातसुद्धा लावला नाही. माझ्यापुढे एक कागद ठेवला. त्यावर माणसाची आकृती, पुढून आणि पाठीमागून, आणि सोबत एक लाल पेन्सिल. "जिथे जिथे दुखतं तिथे रंगवा," म्हणाले. मी कुल्ल्यापासून अंगठ्यापर्यंत लाल पट्टा ओढला. मग त्यांनी मला टाचांवर चालायला लावलं, नंतर चवड्यांवर. गुडघ्यावर आणि घोट्यामागे हातोडी मारून पाहिली. उताणी झोपवून ताठ पाय उचलला, तो हातभर वर जायच्या आत मी ओरडले. शेवटी म्हणाले, "महिन्याभरात हा लाल पट्टा वर सरकला नाही, तर मी स्वतः तुम्हाला सर्जनकडे पाठवीन." मला विश्वास बसला तो या वाक्यामुळे.

त्यांच्याकडचं टेबल कंबरेच्या जागी दुमडणारं होतं. मी पालथी झोपायची. ते एक तळवा मणक्यावर ठेवायचे आणि दुसऱ्या हाताने टेबलाचा पायांकडचा भाग सावकाश खाली दाबायचे, परत वर आणायचे. कड्कन आवाज नाही, झटका नाही. लहानपणी आजी मुसळाच्या लयीत डुलायची, तसं काहीतरी वाटायचं. दर वेळी आधी कागद, मग टेबल. दुसऱ्या आठवड्यात पट्टा पोटरीपाशी थांबला. तिसऱ्या आठवड्यात कंबर जास्त दुखायला लागली, तेव्हा मी रडवेली झाले. ते मात्र खूश! "पाय सोडून दुखणं कण्याकडे येतंय, म्हणजे शीर मोकळी होतेय," म्हणाले.

यामागे एक जुनी हकीकत आहे. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला रॉबिन मॅकेन्झी नावाचे फिजिओथेरपिस्ट होते. १९५६ साली त्यांचा एक रुग्ण चुकून डोक्याकडची बाजू उचललेल्या टेबलावर पालथा झोपला. पाठ चांगली मागे वाकलेली. मॅकेन्झी येऊन बघतात तर त्याच्या पायाची कळ गेलेली! त्यावरून त्यांनी पुढे सगळी पद्धत बसवली. तूही सपाट पलंगावर पालथा झोपून बघ. दोन मिनिटांनी कोपरांवर ये. कळ वर सरकली तर दिवसातून चार-पाच वेळा कर. खाली उतरली तर लगेच थांब, तुझ्या चकतीला ते मानवत नाही. सगळ्या उपचारांना हीच कसोटी लाव. दुखणं किती आहे यापेक्षा ते कुठवर जातंय ते बघ.

तुझ्या फोनवर हाडं मोडल्यासारखे आवाज काढणारे व्हिडिओ येतात, मला माहीत आहे. तो आवाज सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा होण्याचा असतो. चकती बसल्याचा नसतो. चकती कोणी "बसवत" नाही. माझ्या लहानपणी आमच्या गावच्या हाडवैद्यांनी माझं मनगट उत्तम बसवलं होतं, पण पाठीवर पाय देऊन उभं राहणाऱ्याकडे तू जाऊ नकोस. हाताचा उपचार चुकीचा नाही. इटलीत १०२ सायटिकावाल्यांवर केलेली एक तपासणी २००६ साली छापून आली. तिच्यात खऱ्या हस्तोपचाराने शंभरातल्या ५५ जणांची पायाची कळ गेली, खोट्या उपचाराने २० जणांची. पण करणारा शिकलेला हवा. अमेरिकेत डी. सी. ही कायरोप्रॅक्टिकची पदवी मिळवायला कॉलेजनंतर साधारण चार वर्षं लागतात. तुमच्याकडे जो कोणी असेल त्याला बेधडक विचार, कुठे शिकलात, किती वर्षं शिकलात. जवळचा चांगला फिजिओथेरपिस्टही हे काम करतो, त्यात कमीपणा नाही. आणि कंबर दुखते म्हणून गेलास तर मानेला झटका देऊ द्यायचा नाही. मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत. थोडी आहेत, पण आहेत.

बाकीचं भराभर सांगते. दोन दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नकोस. घरातल्या घरात का होईना, दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं चाल. उताणा झोपलास तर गुडघ्यांखाली उशी घे, कुशीवर झोपलास तर गुडघ्यांमध्ये. सोफ्यात रुतून बसू नकोस, लाकडी खुर्ची घे. मागच्या खिशातलं पाकीट काढून ठेव. दुचाकी महिनाभर बंद. त्या स्पीडब्रेकरांनी तुझा लाल पट्टा परत खाली उतरेल. कंबरेला आधाराचा पट्टा बांधायचाच असेल तर प्रवासापुरता बांध. सिगारेट ओढतोस हे तुझ्या आईला माहीत नाही, मला माहीत आहे. चकतीला मुळात रक्तपुरवठा फार कमी असतो, तोही त्या धुराने आटतो. सोड.

ऑपरेशनला घाबरू नकोस आणि त्याची घाईही करू नकोस. हॉलंडमध्ये २८३ जणांचे दोन गट केले होते. एकाचं लवकर ऑपरेशन, दुसऱ्याला थांबवून ठेवलं. ऑपरेशनवाल्यांची कळ लवकर गेली. वर्षाने बघितलं तर दोन्हीकडे शंभरातले ९५ बरे. थांबलेल्यांपैकी साधारण चाळीस टक्क्यांना मात्र पुढे ऑपरेशन करून घ्यावंच लागलं. तुला सहा-आठ आठवड्यांनीही झोप येत नसेल तर करून घे, कोणी तुला हरलास म्हणणार नाही.

मला पुरतं बरं व्हायला अडीच महिने लागले. त्यानंतर बर्फ मी ढकलत नेते, उचलत नाही.

पाकिटात त्या आकृतीच्या कोऱ्या झेरॉक्स घातल्यात, तीस आहेत. लाल पेन्सिल मुलाच्या कंपासपेटीत असेल. आज रात्री झोपायच्या आधी पहिला कागद रंगव, तारीख घाल आणि मला फोटो पाठव. मग रोज एक. मी इथे सगळे ओळीने लावून ठेवते.

तुझी आत्या